स्टार्टअप काढायचंय: आधी कोडिंग शिकू की धंदा शिकू?

ताणाबाणा | रविवार, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी इचलकरंजीची. वय २६, बी.कॉम. घरी १६ साधे माग आहेत. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आणि कामगार आमचे, विणून दिलेल्या कापडाची मजुरी आम्हाला. कुठल्या व्यापाऱ्याचं बीम (ताण्याचं, म्हणजे लांबीचं सूत गुंडाळलेला रूळ) कुठल्या मागावर चढलं, त्यातून किती मीटर निघालं, किती पैसे आले आणि किती राहिले, हे सगळं बाबांच्या वहीत असतं. ती वही बारावीपासून मीच लिहिते. दोन वर्षांपूर्वी मी ती एक्सेलमध्ये आणली. तेव्हापासून डोक्यात आहे की आमच्यासारख्या शेडवाल्यांसाठी याचं मोबाईल ॲप करावं.

साठवलेले ९० हजार आहेत. पुण्यात सहा महिन्यांचा फुल स्टॅक कोर्स (ॲपची दिसणारी आणि आतली, दोन्ही बाजू बनवायला शिकवणारा) आहे, फी ७५ हजार. आत्याकडे राहता येईल. मामेभाऊ म्हणतो की कोड लिहिणारी मुलं पगारावर मिळतात, तू मार्केटिंग, फायनान्स आणि गुंतवणूकदारांसमोर बोलणं शीक. त्याने सुचवलेला ऑनलाइन कोर्स ४० हजारांचा आहे. दोन्ही परवडणार नाहीत. शिवाय सहा महिने मी बाहेर राहिले तर वही पुन्हा बाबांवर येईल आणि त्यांचे डोळे आता पहिल्यासारखे नाहीत.

ज्यांनी स्वतः काही उभं केलंय त्यांनी सांगा, आधी काय शिकू?

सर्व्हररूम | रविवार, रात्री १०:२५

ताई, कोडिंग शिका. १४ वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यातली ५ एका छोट्या कंपनीत पहिल्या दिवसापासून होतो.

पहिली आवृत्ती कधीच बरोबर येत नाही. ग्राहक म्हणतो हे बटण नको, ही यादी उलटी लाव, मला दोन व्यापाऱ्यांचा हिशेब एकत्र बघायचाय. अशा शंभर दुरुस्त्या पहिल्या वर्षात होतात. स्वतःला येत असेल तर दुरुस्ती त्याच रात्री होते. बाहेरून करून घ्यायची तर प्रत्येक वेळी निरोप, दरपत्रक, आठवड्याची वाट. पैसे तर जातातच, पण ग्राहकाचा उत्साह त्याआधी जातो.

बसची तिकिटं ऑनलाइन विकणाऱ्या रेडबसचं उदाहरण घ्या. फणींद्र सामा आणि त्यांचे मित्र इलेक्ट्रॉनिक्सचे इंजिनिअर. दिवाळीला गावी जायला बसचं तिकीट मिळालं नाही, तिथून कल्पना आली आणि २००६ मध्ये बंगळुरूत कंपनी उभी राहिली. नोकरी हार्डवेअर क्षेत्रातली असूनही सॉफ्टवेअर करायला ते स्वतःच बसले.

हिशेबनीस | सोमवार, सकाळी ८:१०

सर्व्हररूम यांच्याशी असहमत. मी नाशिकला सीए आहे, छोट्या कंपन्यांची खाती बघते.

रेडबसची गोष्ट पुढे वाचा. त्यांनी आधी बसमालकांसाठी सॉफ्टवेअर केलं. मालकांना ते नको होतं, फुकटसुद्धा नको होतं. मग त्यांनी थोड्या सीटा मागून घेतल्या आणि त्या विकून दाखवल्या, तेव्हा गाडी पुढे सरकली. त्यांना तारलं ते ट्रॅव्हल एजंटांच्या ऑफिसात जाऊन बसण्याने.

पुण्याचंच पाहा. १९९० साली तिथे दोन सॉफ्टवेअर कंपन्या सुरू झाल्या. पर्सिस्टंट काढली आनंद देशपांडे यांनी, अमेरिकेतून कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएचडी करून आलेले. केपीआयटी निघाली ती रवी पंडित आणि सहकाऱ्यांच्या चार्टर्ड अकाउंटंट फर्ममधून. नावातले के आणि पी म्हणजे कीर्तने आणि पंडित. एकीकडे संगणकशास्त्रज्ञ, दुसरीकडे हिशेबतपासनीस. दोन्ही कंपन्या आज शेअर बाजारात आहेत.

माझ्याकडे येणाऱ्या नव्या संस्थापकांपैकी निम्म्यांना आपला माल किंवा सेवा एका ग्राहकाला देण्याचा खर्च सांगता येत नाही. ॲप सुंदर असतं. महिन्याला किती पैसे आत येतात, किती बाहेर जातात आणि हातातली रक्कम किती महिने पुरेल, हे विचारलं की गप्प. ताई बी.कॉम. आहेत, वही लिहितात, म्हणजे यातलं अर्धं त्यांना आधीच येतं. ते पक्कं करावं.

शेअर दलाली करणाऱ्या झेरोधाचे नितीन कामतही प्रोग्रॅमर नव्हेत. अनेक वर्षं स्वतः ट्रेडिंग केलं, सब-ब्रोकर (मोठ्या दलालाच्या हाताखालचा दलाल) म्हणून काम केलं, मग २०१० मध्ये कंपनी काढली.

सर्व्हररूम | सोमवार, दुपारी १:४०

झेरोधाचं उदाहरण अर्धवट आहे. पहिली वर्षं ते बाहेरचं विकत मिळणारं सॉफ्टवेअर वापरत होते. २०१३ मध्ये कैलाश नाध आले, घरची टीम उभी राहिली आणि २०१५ मध्ये काईट हे त्यांचं स्वतःचं ट्रेडिंगचं ॲप आलं. लोक आज ज्याला झेरोधा म्हणून ओळखतात ते तिथून पुढचं. मोठ्या कंपन्यांच्या मानाने ती टीम अगदीच लहान. म्हणजे तंत्र जाणणारा माणूस हवाच होता, फक्त तो तीन वर्षांनी मिळाला.

आणि असा माणूस ओळखायचा कसा? ज्याला कोड येत नाही त्याला समोरच्याचं काम चांगलं की नुसतं चकचकीत, हे कळत नाही. धान्य निवडता येत नसेल तर बाजारात फसवणूक व्हायचीच.

हिशेबनीस | सोमवार, दुपारी २:०५

हा मुद्दा मान्य. पण पहिली तीन वर्षं झेरोधा चाललं कशावर, हेही बघा. ट्रेडरला दलाली कुठे टोचते हे नेमकं ठाऊक असल्यामुळे बाहेरच्या सॉफ्टवेअरवरसुद्धा चाललं.

रानजाई | सोमवार, रात्री ११:१५

हा धागा वाचून झोप लागेना म्हणून लिहितेय.

मी सहा वर्षांपूर्वी घरगुती डबे पुरवणाऱ्या बायकांसाठी ॲप काढलं होतं. मी मार्केटिंगची. एका एजन्सीला ४ लाख २० हजार दिले, त्यातले अडीच लाख आईचे. पहिले दोन महिने फोन उचलायचे. ॲप आलं, चाललंही. ३८ बायका जोडल्या, रोजच्या दीडशे-दोनशे ऑर्डरी. मग मला आठवड्याच्या मेनूची सोय हवी होती. एजन्सीने ९० हजार मागितले. दुसऱ्या एका ओळखीच्या मुलाला म्हटलं तू कर, तर तो म्हणाला कोड द्या. कोड एजन्सीकडे. सर्व्हर त्यांच्या नावावर. प्ले स्टोअरचं खातंसुद्धा त्यांचं. मी करार काढून वाचला. दोन पानं, त्यात कोडच्या मालकीबद्दल एक ओळ नाही.

पुढचे पाच महिने मी भांडण्यात घालवले. त्या काळात ऑर्डरी बंद पडल्या आणि बायका एकेक करून गेल्या. त्यातल्या एकीने त्या ॲपच्या भरवशावर मिक्सर हप्त्याने घेतला होता. तिला काय सांगायचं ते मला आजही सुचत नाही.

मला तेव्हा प्रोग्रॅमिंग यायला हवं होतं असं मी म्हणणार नाही. पण कोड कुठे ठेवतात, डोमेन (वेबसाइटचं नाव) कोणाच्या नावावर हवं, डेटाबेसची प्रत रोज कुठे पडते, एवढं जरी माहीत असतं तरी ते ॲप वाचलं असतं. हे शिकायला एक आठवडा लागतो. मला पाच महिने आणि आईचे अडीच लाख लागले.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ७:५५

रानजाई, वाईट वाटलं. तुम्ही लिहिलंत हे फार मोलाचं आहे, म्हणून त्याला कायद्याची जोड देते. मी वकील नाही, करार करताना वकिलाला दाखवाच.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी नोकराने नोकरीचा भाग म्हणून लिहिलेला कोड, वेगळं काही ठरलं नसेल तर, मालकाचा असतो (कलम १७). बाहेरच्या फ्रीलान्सरने किंवा एजन्सीने लिहिलेला कोड मात्र पैसे दिले म्हणून आपोआप तुमचा होत नाही. तो लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो (कलम १९). त्यातही मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणजे 'सर्व हक्क दिले' एवढ्यावर थांबू नका, कायमस्वरूपी आणि जगभरासाठी असं स्पष्ट लिहून घ्या.

मित्राला भागीदार म्हणून घेणार असाल तर शेअर एकदम हातात देऊ नका. साधारण पद्धत चार वर्षांची असते, पहिलं वर्ष पुरं होईतो काहीच नाही, मग हळूहळू. सहा महिन्यांत सोडून गेलेला मित्र चाळीस टक्के घेऊन बसलेला मी पाहिलाय.

पाटाचंपाणी | मंगळवार, दुपारी १२:३०

निफाडचा द्राक्ष बागायतदार. शिक्षण बी.एस्सी. ॲग्री.

मी आणि माझ्या चुलतभावाने फवारणीच्या नोंदींचं ॲप केलं. भाऊ कोड लिहितो, मी बागांतून फिरतो. शेतकऱ्यांना आवडलं. दोनशेच्या वर लोकांनी घेतलं. वर्षाला ३०० रुपये सांगितले तर १९ जणांनी दिले. आम्ही म्हणालो, दर कमी करू. १५० केला, तरी २६ वर अडकलो.

मग एका निर्यातदाराकडे माल द्यायला गेलो असताना त्याच्या ऑफिसात बसलो होतो. युरोपला द्राक्ष पाठवायची तर कीडनाशकाचे अंश तपासून घ्यावे लागतात, बागेची नोंद अपेडाच्या (शेतमाल निर्यातीची सरकारी संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर हवी, कधी काय मारलं याचा कागद हवा. त्याची दोन माणसं दिवसभर शेतकऱ्यांना फोन करत होती, 'दादा, तुमची मागच्या महिन्याची फवारणी सांगा.' तिथे डोक्यात उजेड पडला. नोंद ठेवतो शेतकरी, पण ती नसल्याचा मार बसतो निर्यातदाराला. आता पैसे निर्यातदार देतात, शेतकऱ्याला फुकट. चार निर्यातदार आहेत आणि भावाला पगार निघतो.

ताई, तुमचं ॲप वापरणार कोण आणि पैसे देणार कोण? हे माहीत नसेल तर दोन्ही कोर्स थांबवा. याचं उत्तर तुमच्या गल्लीत मिळेल.

थर्डइयर | मंगळवार, रात्री ९:२०

मी कोल्हापूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थोडा वेगळा प्रश्न. आता एआयला सांगितलं की ते कोड लिहून देतं. आमच्या वर्गातल्या एकाने मेससाठीचं ॲप एका शनिवारी केलं. मग ताईंनी सहा महिने कशाला घालवायचे? आणि खरं सांगायचं तर मीही काळजीत आहे, मी चार वर्षं जे शिकतोय त्याचं काय?

सर्व्हररूम | मंगळवार, रात्री १०:४५

प्रश्न मनापासून विचारलायस, तसंच उत्तर देतो.

हे खरं आहे. मी स्वतः रोज एआय वापरतो. स्क्रीन, फॉर्म, याद्या, अहवाल, जे करायला मला चार दिवस लागायचे ते दुपारभरात होतं. २०२५ च्या फेब्रुवारीत एआय संशोधक आंद्रेय कार्पाथी यांनी याला 'व्हाइब कोडिंग' हे नाव दिलं आणि ते सगळीकडे पसरलं. त्यामुळे माझं पहिल्या प्रतिसादातलं मत मी थोडं मागे घेतो. फुल स्टॅक कोर्समध्ये जे शिकवतात त्यातला मोठा भाग आता तेवढ्या पैशाचा राहिलेला नाही.

पण काय उरलं ते ऐक. ताईंच्या ॲपमध्ये उद्या वीस शेडवाले आणि दहा व्यापारी असतील. एका व्यापाऱ्याने कुणाला किती मजुरी दिली हे दुसऱ्याला दिसलं तर एका दिवसात ॲपवरचा विश्वास संपला. एआयने लिहिलेल्या कोडमध्ये अशी भोकं मी स्वतः पाहिली आहेत. स्क्रीनवर सगळं बरोबर दिसतं, पण वेबपत्त्यातला आकडा बदलला की शेजाऱ्याचा हिशेब उघडतो. हे तपासायला हवं हेच ज्याला माहीत नाही तो एआयला विचारणार तरी काय? माहिती कशी मांडायची, कोणाला काय दिसावं, प्रत कुठे ठेवायची, चूक झाली तर मागे कसं जायचं. तुझी चार वर्षं यासाठी लागणार आहेत. फक्त टाइप करण्यासाठी असती तर वाया गेली असती.

मंडईपार | बुधवार, सकाळी ६:४०

पुण्यात आयुष्य गेलं. क्विक हील या अँटिव्हायरसची गोष्ट इथे आली नाही म्हणून लिहितो.

कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले. कॉलेज केलं नाही. पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले, १९९० च्या सुमारास १५ हजारांवर स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकलं, मग कॉम्प्युटरच्या दुरुस्तीत आले. धाकटा भाऊ संजय कॉम्प्युटर शिकत होता. दुकानात येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरस सापडायचे. संजयने ते काढायचे छोटे प्रोग्रॅम लिहायला घेतले आणि त्यातून १९९५ मध्ये क्विक हील बाहेर आलं. २०१६ मध्ये कंपनी शेअर बाजारात गेली.

काय शिकू, हा प्रश्न त्या दोघांनी कुठल्या वर्गात बसून सोडवला नाही. दुकानात रोज तेच मशीन परत येत होतं. एकाने त्याचं औषध लिहिलं, दुसऱ्याने ते माणसांपर्यंत पोचवलं, आणि दोघांनीही रोगी डोळ्यांनी पाहिला होता. ताई, तुमच्या शेडमध्ये रोज परत येणारं असं काय आहे?

ताणाबाणा | पुढच्या सोमवारी, रात्री १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. कोर्सची मुदत शनिवारी संपत होती, मी पैसे भरले नाहीत.

पाटाचंपाणी आणि मंडईपार यांचे प्रश्न घेऊन मी आठवडाभरात ११ शेडवर जाऊन आले. बहुतेक बाबांच्या ओळखीचे. मला वाटलं होतं थकलेल्या पैशांचा हिशेब हीच सगळ्यांची अडचण असेल. हिशेबनीस यांच्या धाग्यांतून मला माहीत होतं की उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. वाटलं, ॲप दिवस मोजेल आणि सगळे खूश. अकरापैकी नऊ जणांनी मान हलवली. 'पोरी, दिवस आम्हाला तोंडपाठ आहेत. व्यापाऱ्याला कायदा दाखवला की पुढचं बीम येत नाही.'

पण उठताना प्रत्येकाने एक गोष्ट काढलीच: घट. सायझिंगच्या (सुताला खळ लावून बीम भरतात तिथल्या) चिठ्ठीवर बीमचे मीटर लिहिलेले असतात. विणताना ताण्याचं सूत बाण्यावरून (आडव्या सुतावरून) खालीवर वळसे घेतं, म्हणून तेवढंच कापड कधीच भरत नाही. आमच्या क्वालिटीत (कापडाच्या प्रकारात) १०० मीटर ताण्याला ९३-९४ मीटर कापड निघतं. पिक (एका इंचातले बाण्याचे धागे) वाढले, सूत बदललं की हा आकडा बदलतो. त्याखेरीज बीमच्या शेवटचं वाया जाणारं सूत वेगळं. व्यापारी एकच ठरलेला आकडा धरतो आणि वरची घट मजुरीतून कापतो. शेडवाल्याला कळतं की हे बरोबर नाही, पण दाखवायला काही नसतं. प्रत्येक बीमची नोंद दोन-दोन वर्षं कुणी ठेवत नाही.

आमच्याकडे ती आहे. माझ्या एक्सेलमध्ये ३१२ बीमं आहेत, क्वालिटीप्रमाणे, पिकाप्रमाणे. रात्री बसून सरासरी काढली आणि बाबांना दाखवली. एका क्वालिटीत आमची गेल्या वर्षी सरळ जास्त कापणी झाली होती. बाबा बराच वेळ कागद हातात धरून बसले होते.

आता सांगा, हे करायला काय शिकू?

सर्व्हररूम | सोमवार, रात्री १०:३५

ताई, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी १४ वर्षांत ही घट शोधू शकलो नसतो आणि कुठलाही एमबीए शोधू शकला नसता.

ॲप आत्ता करू नका. चार शेड निवडा. त्यांना बीम चढताना आणि उतरताना व्हॉट्सॲपवर फोटो आणि मीटर पाठवायला सांगा, तुम्ही गुगल शीटमध्ये भरा. महिन्याच्या शेवटी एका पानाचा कागद द्या आणि पैसे मागा. रोज संध्याकाळी एक तास एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) शिका, मग पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. हार्वर्डचा सीएस५० हा कोडिंगचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, एनपीटीईएल या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग फुकट आहेत, पैसे पडतात ते परीक्षेचे. शीट हातात मावेनाशी झाली की मला कळवा, डेटाबेस कसा मांडायचा ते मी रविवारी सोबत बसून दाखवेन. पैसे नकोत.

रानजाई | सोमवार, रात्री ११:०५

डोमेन आजच स्वतःच्या नावावर घ्या.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ८:२०

पहिल्या महिन्यापासून पैसे घ्या, कितीही कमी असले तरी. आणि त्यांची पावती द्या. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेतो जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे त्या काळजीने अडू नका. तुमचा स्वतःचा वेळसुद्धा खर्चात लिहा. एका शेडला महिन्याला किती तास जातात हे आत्तापासून लिहिलंत तर दर ठरवताना अंदाज करावा लागणार नाही.

ताणाबाणा | सात आठवड्यांनी, गुरुवारी, रात्री ९:१५

धागा वर काढतेय.

चार शेड घेतल्या होत्या, एक गळाली. फोटो पाठवायचं काम जॉबरवर (मागांची देखभाल करणाऱ्यावर) होतं आणि त्याला ते जमेना. माझंच चुकलं, मी मालकाशी बोलले, जॉबरशी बोललेच नव्हते. उरलेल्या तिघांनी पहिल्या महिन्याला ३०० रुपये दिले. दुसऱ्या महिन्याला मी ५०० सांगितले, दोघांनी दिले, तिसरे म्हणाले घटीचं काम झालं की देतो. एका शेडला महिन्याला साडेचार तास जातात. हिशेबनीस, म्हणजे ५०० रुपयांत परवडत नाही, हे आता कागदावर दिसतंय.

त्यातल्या एकांनी माझा कागद घेऊन व्यापाऱ्याशी बोलणं केलं. भांडण झालं नाही. व्यापारीच म्हणाले, हे माझ्या सगळ्या शेडचं मिळेल का, मलाही कुठल्या सायझिंगची बीमं कमी भरतात ते बघायचंय. पाटाचंपाणी, तुमच्या निर्यातदाराची आठवण झाली. पण व्यापाऱ्याचे पैसे घेतले तर शेडवाले माझ्यावर विश्वास ठेवतील का? बाबा म्हणतात ठेवणार नाहीत. मला अजून ठरवता येत नाहीये. इथल्यांचं मत हवंय.

एसक्यूएलमध्ये जोडण्यांपर्यंत आलेय. पहिल्यांदा बीम आणि व्यापारी असे दोन तक्ते जोडून बरोबर उत्तर आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. ९० हजारांतले २,३०० खर्च झालेत, त्यात डोमेन आलं.

उद्या सकाळी सातला त्या गळालेल्या शेडवर पाळी बदलताना जॉबरना भेटायला चाललेय. आठ नंबरच्या मागावरचं बीम उतरायचंय, मीटर त्यांच्यासोबत उभी राहूनच मोजणार आहे.